नवी मुंबईत हॉस्टेलवर राहायला येताय? पहिल्या सेमचं सगळं, पायरी पायरीने

पहिल्या सेममध्ये मी सात वेळा घरी गेले. जालन्याहून नेरूळला इंजिनिअरिंगला आलेली मी, शुक्रवारी रात्रीची गाडी पकडायची, रविवारी रात्री परत निघायचं, सोमवारी पहाटे ठाण्याला उतरून लोकलने नेरूळ, हॉस्टेलवर आंघोळ करून "पाचच मिनिटं" आडवं व्हायचं आणि डोळे उघडायचे ते थेट जेवणाच्या वेळी. सोमवारी सकाळी आमचं बेसिक इलेक्ट्रिकलचं प्रॅक्टिकल असायचं. सात प्रॅक्टिकल बुडाली, जर्नल (प्रॅक्टिकलची वही) अडकलं, डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत, नाव लागलं आणि एम-वनला (पहिल्या सेमचं गणित) केटी लागली, म्हणजे नापास, पेपर पुन्हा द्यायचा, कारण गणितं सोडवायला जे दोन दिवस मिळायचे ते मी गाडीत घालवत होते.

आता माझी मावसबहीण यंदा ऐरोलीला ॲडमिशन घेतेय. तिला फोनवर एकेक सांगत बसले तर तासभर गेला आणि तरी निम्मं राहिलं, म्हणून सगळं लिहूनच काढते. मुलांनाही यातलं बरंचसं लागू आहे, पण मी मुलींच्या हॉस्टेलवर राहते तर तेवढंच मला नीट माहीत आहे.

पायरी 1: गाव सोडायच्या आधी कागदं

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेअर, यातलं जे तुम्हाला लागतं ते सगळं आपल्याच तालुक्या-जिल्ह्यातून निघतं, इथे येऊन निघत नाही. एकदा कॉलेज सुरू झालं की एका दाखल्यासाठी पप्पांना तहसीलच्या चकरा आणि तुम्हाला दोन दिवसांची सुट्टी पडते. दाखल्यावरची मुदतीची तारीख स्वतः वाचा, सेतूवाल्याने "चालेल" म्हटलं म्हणून सोडू नका. प्रत्येक कागदाचे पाच-सहा झेरॉक्स सेट करून ठेवा आणि मोबाईलमध्ये स्कॅन, कारण कॉलेज ओरिजिनल ठेवून घेतं आणि मग स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना तोच कागद लागतो.

आणि बँकेत जाऊन एक गोष्ट नक्की विचारा: "माझं खातं आधारला डीबीटीसाठी सीड आहे का?" डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात जमा होणं, आणि ते कोणत्या खात्यात जायचे ते आधारला जोडणं म्हणजे सीड करणं. आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीला सीड असणं वेगळं, हे मला माहीतच नव्हतं. माझा महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीची वेबसाईट) फॉर्म मंजूर झाला तरी पैसे येईनात, तीन महिने मी कॉलेजच्या खिडकीवर विचारत राहिले आणि शेवटी अडचण माझ्याच खात्यात निघाली. बँकेत अर्ध्या तासाचं काम होतं.

सरकारी योजनांपैकी कोणती आपल्याला बसते ते एकदा शांतपणे वाचा. खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना हॉस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुलींसाठी 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतून, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) झाला असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. हॉस्टेल आणि मेस त्यात नाही, तो खर्च वेगळा धरा. माझ्या वर्गात एक मुलगी अशी होती जिला हे दिवाळीनंतर कळलं, तोपर्यंत तिच्या घरच्यांनी व्याजाने पैसे काढले होते. मला ते अजून लागतं मनाला.

पायरी 2: पोहोचायचं कसं

मराठवाडा, खानदेश, विदर्भाकडून रेल्वेने येत असाल तर मुंबईपर्यंत जाऊ नका, ठाण्याला उतरा. पुलावरून प्लॅटफॉर्म 9-10 कडे जायचं, तिथून ट्रान्स हार्बरच्या लोकल सुटतात. इथे सगळे नवे लोक एकच चूक करतात, समोर उभी दिसली ती लोकल पकडतात. काही लोकल वाशीला जातात आणि काही नेरूळ, पनवेलला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत दोन्ही चालतात, तुर्भ्यानंतर फाटा फुटतो. चुकून वाशीची पकडलीच तर घाबरायचं काही नाही, तुर्भ्याला उतरून मागची पनवेल किंवा नेरूळ पकडायची. कोल्हापूर, सातारा, पुण्याकडून बसने येणाऱ्यांना कळंबोली, नेरूळ एलपी, सानपाडा, वाशी असे हायवेवरचेच स्टॉप मिळतात, आपल्याला कुठला जवळ ते कंडक्टरला आधीच सांगून ठेवा.

डब्यावर प्रथम श्रेणी लिहिलंय का ते वाचून चढा. सामान घेऊन पळत पळत मी पहिल्याच दिवशी लेडीज फर्स्ट क्लासमध्ये शिरले होते, शेजारच्या काकूंनी पुढच्या स्टेशनला हात धरून उतरवलं आणि बरोबर डब्यात बसवलं. टीसी आला असता तर कमीत कमी 250 रुपये दंड आणि वर भाडं.

आता पत्ता. नवी मुंबई सिडकोने आखलेलं शहर आहे आणि इथे सगळं सेक्टरवर चालतं, पण सेक्टर 8 वाशीतही आहे, नेरूळलाही आहे, बेलापूरलाही आहे आणि ऐरोलीलाही आहे. नुसतं "सेक्टर 8" म्हणून रिक्षात बसू नका, उपनगराचं नाव, सेक्टर आणि जवळची खूण तिन्ही सांगा. स्टेशनला ईस्ट की वेस्ट तेही आधी विचारून घ्या, चुकीच्या बाजूने बाहेर पडलं की बॅगा घेऊन सगळा वळसा मारावा लागतो. एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या, बस बऱ्यापैकी आहेत, पहिल्या आठवड्यात हॉस्टेल ते स्टेशनचा बस नंबर पाठ करा म्हणजे रिक्षाचे पैसे वाचतात. खारघर, तळोज्याकडे राहणार असाल तर बेलापूर ते पेंधर मेट्रो 2023 च्या नोव्हेंबरपासून सुरू आहे.

पायरी 3: खोली लावा, आणि पावसाला हलक्यात घेऊ नका

बादली, मग, कुलूप (दोन किल्ल्यांचं), दोरी, हँगर, एक्स्टेंशन बोर्ड, ओडोमॉस, पातळ चादर दोन. हे सगळं इथे वाशी-नेरूळच्या मार्केटमध्ये मिळतं, गावाहून बादली आणू नका. इंडक्शन, किटली बहुतेक हॉस्टेलवर चालत नाही, जप्त होते, आधी नियम वाचा. लोकल गार्डियनचा फॉर्म लगेच भरून द्या, माझी कळव्याची आत्या होती म्हणून बरं, नाहीतर नाईट आऊटला वॉर्डन मॅडम सहीच करत नाहीत.

पावसाबद्दल मात्र नीट सांगते कारण कोरड्या भागातून येणाऱ्यांना कल्पनाच नसते. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे तो राहायला येतो. मुंबई भागातून मान्सून सरासरी 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो, म्हणजे तुमचं निम्मं सेम पावसातच जाणार. आईने दिलेला चिवडा तिसऱ्या दिवशी सादळला. दोन आठवड्यांनी कपाट उघडलं तर काळ्या सँडलवर पांढरी लव आलेली, बोटाने पुसली तर ओलसर पावडर हाताला लागली, आणि तसाच वास माझ्या स्वेटरला, टॉवेलला आणि मार्कशीटच्या फाईललासुद्धा. मी त्या दिवशी ती फाईल उशीखाली घेऊन झोपले, एवढी घाबरले होते.

माझी रूममेट कुडाळची. तिने माझं कपाट पूर्ण रिकामं केलं, आतून कोरड्या फडक्याने पुसलं, दिवसभर दारं सताड उघडी ठेवून पंखा लावला आणि मग सांगितलं ते असं: एका वेळी तीन-चारच कपडे धुवायचे, घट्ट पिळायचे, दोरीवर एकावर एक न टाकता हँगरवर लावून पंख्याखाली सोडायचे, आणि हाताला कोरडे लागले तरी एक रात्र बाहेरच ठेवून मग कपाटात घालायचे. बुटांत रोज रात्री पेपरचे बोळे कोंबायचे. कपाटात डांबराच्या गोळ्या. कागदपत्रं हवाबंद डब्यात, आपण पोह्यांना वापरतो तसल्या. जीन्स गावाकडेच ठेवा, एखादीच आणा, ती चार दिवस वाळत नाही. मी हे सगळं अजून तसंच करते आणि माझी फाईल आता स्टीलच्या डब्यात आहे, जो पप्पांनी लाडवांसाठी दिला होता.

रूममेटशी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी बोलून घ्या: लाईट किती वाजता बंद, अलार्म किती वाजता आणि कोणाचं सामान विचारल्याशिवाय वापरायचं नाही. तोंडावर बोललेलं कोणाला लागत नाही, मनात ठेवलेलं लागतं.

पायरी 4: मेस

मेसचे पैसे पूर्ण सेमचे एकदम भरायच्या आधी, जमत असेल तर एक महिन्याचे भरून बघा. भाजीची चव पहिल्या आठवड्यात वाईट वाटते आणि नंतर सवय होते, ते चालतं, पण पोट सारखं बिघडत असेल तर ती सवयीची गोष्ट नाही, मेस कमिटीला लेखी द्या. घरून शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मेतकूट आणा, पण लहान बरण्यांत, पावसात मोठी बरणी रोज उघडली की खराब होते. आमच्या मेसच्या मावशी रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी दोन चपात्या झाकून ठेवायच्या, फक्त दुपारी सांगून जावं लागायचं. सांगत जा. आणि मावशींचं नाव माहीत करून घ्या, नावाने हाक मारा.

पायरी 5: दिवाळीपर्यंत शनिवार-रविवार इथेच थांबा

एवढीच पायरी वाचली तरी चालेल.

घर आठवतं, खूप आठवतं, पहिल्या रात्री पप्पा गेटपाशी वळून बघत होते आणि मी हात हलवत होते आणि नंतर बाथरूमचा नळ सोडून रडले. ते सगळ्यांचंच होतं. पण दर आठवड्याला घरी गेलं की आठवण कमी होत नाही, उलट दर सोमवारी तीच जखम नव्याने उघडते, आणि इथली माणसं तुम्हाला ओळखायच्या आधीच तुम्ही निघून गेलेले असता. शनिवारी-रविवारीच तर हॉस्टेल घर होतं. कपडे धुणं, केसांना तेल लावणं, कॉरिडॉरमध्ये पेपर अंथरून भेळ करणं, कोणाच्या तरी खोलीत बसून मॅट्रिक्सची गणितं एकत्र सोडवणं, हे सगळं त्या दोन दिवसांत होतं. मी सोमवारी परत यायचे तेव्हा मुलींच्या बोलण्यात मला माहीत नसलेल्या दहा गोष्टी असायच्या आणि मला वाटायचं या मला मुद्दाम बाजूला टाकतात. कोणी टाकत नव्हतं. मी तिथे नव्हतेच.

डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर मी घरी फोन करून सांगितलं, दिवाळीपर्यंत येत नाही. आई दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "बरं, मग रोज रात्री साडेनऊला फोन कर, दहा मिनिटं." ती वेळ ठरली आणि आम्हा दोघींना सोपं गेलं. दिवसभर मेसेज करत बसण्यापेक्षा एक ठरलेला फोन खूप बरा.

पहिल्या काही रविवारी काय करायचं ते ठरवून ठेवा, रिकामा रविवार वाईट असतो. आमच्या पहिल्या रविवारी कुडाळवाली आणि मी वाशीच्या मिनी सीशोरला जाऊन नुसत्या बसलो. पुढच्या रविवारी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघितलं, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली बैठ्या घरांची वसाहत आहे ती, गल्ल्यांत फिरताना गावाकडच्यासारखं वाटतं. डिसेंबरात नेरूळच्या खाडीकाठच्या तळ्यावर फ्लेमिंगो बघायला गेलो, भरतीच्या वेळी खाडीत पाणी चढलं की ते तळ्यावर येऊन उभे राहतात, म्हणून भरतीची वेळ बघून जायचं. मी ते पक्षी आयुष्यात पहिल्यांदा बघितले आणि लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "अगं हे खरे आहेत का?"

पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याला मात्र जायचं नाही, कितीही मुलं-मुली निघाले तरी. तिथे पोलिसांची बंदी असते आणि ती उगाच नाही, 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथे कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या होत्या. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी एकदम वाढतं, पळायला वेळ मिळत नाही.

पायरी 6: कॉलेजचं

75 टक्के हजेरी लागते, हे पहिल्या दिवशी सगळे सांगतात आणि कोणी ऐकत नाही. मोजायची पद्धत सांगते: वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक विषयासमोर झालेली लेक्चर आणि बसलेली लेक्चर दर शुक्रवारी लिहा. प्रॅक्टिकलची हजेरी बऱ्याच ठिकाणी वेगळी धरतात, ती वेगळी लिहा.

जर्नल ज्या दिवशी प्रॅक्टिकल त्याच रात्री. सही पुढच्या प्रॅक्टिकलला घेऊनच टाका. शेवटच्या आठवड्यात आख्खी बॅच सरांच्या केबिनबाहेर लाईन लावून उभी असते, सर वैतागलेले असतात आणि टर्म वर्कचे, म्हणजे सेमभर केलेल्या कामाचे, मार्क तिथेच जातात. हे मार्क सगळ्यात सोपे असतात, फक्त वेळेवर द्यायचं असतं, आणि मी तेच घालवले म्हणून जीव तोडून सांगतेय.

आता बरीच कॉलेजं ऑटोनॉमस (स्वायत्त) झाली आहेत त्यामुळे कोणाचा पेपर किती मार्कांचा, इंटरनल किती, पासिंग कसं, हे कॉलेजागणिक वेगळं असतं. दुसऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं ऐकून बसू नका, स्वतःच्या कॉलेजची स्कीम आणि सिलॅबस डाउनलोड करून भिंतीला लावा. एम-वनचं म्हणाल तर कॉम्प्लेक्स नंबर पहिल्या दोन आठवड्यांत सोपं वाटतं, बारावीत झालेलं असतं, तिथेच आपण ढिले पडतो आणि पार्शल डिफरन्सिएशन येईपर्यंत सर कुठे आहेत तेच कळत नाही. न समजलेलं गणित त्याच आठवड्यात कोणाला तरी विचारा. आमच्या मजल्यावर यवतमाळची एक सिनिअर ताई होती, रात्री दहानंतर तिच्या दारावर टकटक केली तर कधी नाही म्हणाली नाही, पण मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ते केटी लागल्यावर. मराठी मीडियमच्या मुलींना विशेष सांगते, इंग्रजीत प्रश्न विचारता येत नाही म्हणून गप्प बसू नका, "सर मराठीत विचारू का" एवढं म्हणायचं, आमच्या सरांनी लगेच हो म्हटलं होतं.

सिनिअर चांगलेच असतात बहुतेक. पण कोणी रूमवर बोलावून काही करायला लावत असेल तर ते मजेत घ्यायचं नाही. प्रवेशाच्या वेळी अँटी रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र भरून घेतात तिथे हेल्पलाईन असते, 1800-180-5522, चोवीस तास चालू. मोबाईलमध्ये सेव्ह करा.

पायरी 7: ताप आला तर

पावसाळ्यात इथे डेंग्यू-मलेरिया असतो. दोन दिवसांच्या वर ताप राहिला तर क्रोसिन खात बसू नका, रक्त तपासा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी होते, मोठं काही असेल तर नेरूळला मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि ऐरोलीला राजमाता जिजाऊ रुग्णालय, दोन्ही महापालिकेची आहेत. रूममेटला सांगा, वॉर्डन मॅडमना सांगा, घरी पण सांगा, "आई काळजी करेल" म्हणून लपवू नका.

आणि झोप येत नाही, जेवण जात नाही, रोज रडू येतं असं दोन-तीन आठवडे चाललं तर तेही दुखणंच आहे. कॉलेजमध्ये काउन्सेलर असतील तर जा. टेलि मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. मी ऑक्टोबरात एकदा फोन केला होता, पलीकडच्या ताईंनी मला पहिले पाच मिनिटं नुसतं बोलू दिलं.

पायरी 8: घरी जाताना

दिवाळीचं रिझर्व्हेशन दोन महिने आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. कॉलेजमधून रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा फॉर्म मिळतो, घर ते कॉलेज या प्रवासाला स्लीपर आणि सेकंड क्लासमध्ये खुल्या गटाला 50 टक्के, एससी-एसटीला 75 टक्के सूट, पण ते तिकीट ऑनलाईन निघत नाही, खिडकीवरच जावं लागतं. मुलींना एसटीत 2023 पासून तसंही अर्धं तिकीट आहे.

सेम संपवून मोठ्या सुट्टीला निघाल तेव्हा गादी भिंतीला उभी करून जा, कपाट पूर्ण रिकामं करून दार किंचित उघडं ठेवा, खायचं काहीही ठेवू नका, उंदीर येतात. केटी लागली असेल तर तिच्या फॉर्मची तारीख क्लासच्या ग्रुपवर कोणी टाकेल या भरवशावर राहू नका, दर दोन दिवसांनी नोटीस बघायला मैत्रिणीला सांगून ठेवा, मी कुडाळवालीला सांगितलं होतं आणि तिनेच बघितलं म्हणून माझा फॉर्म वेळेत गेला. आणि दोघींपैकी आधी कोण परत येणार ते ठरवून खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे द्या.